चिठ्ठी एकदा निघाली की

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की स्वयंसेवी संस्थांच्या आणि सरकारी खात्यांच्या माणसांना मी 'चिठ्ठ्या टाकून योजना तपासायला' शिकवते. त्या ओळीने घात केला. काहींना वाटलं, हा ज्योतिषाचा प्रकार आहे. एका काकांनी तर पोपट कुठला वापरता असं विचारलंय. म्हणून आधी दोन वाक्यांत खुलासा. योजना आधी कोणाला द्यायची हे सोडतीने ठरवायचं. मग ज्यांना मिळाली आणि ज्यांना अजून मिळाली नाही, त्यांच्यात काय फरक पडला ते मोजायचं. इंग्रजीत त्याला आरसीटी म्हणतात. मराठीत 'यादृच्छिक चाचणी' असा शब्द आहे, पण माझ्या वर्गात तो एकाच्याही तोंडी बसलेला मी पाहिला नाही. आम्ही 'सोडत' म्हणतो. म्हाडाची सोडत, सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत, आरटीईच्या पंचवीस टक्के जागांची सोडत. महाराष्ट्रात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता पत्रं.

ताई, संस्थेने पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला माझं नाव घातलंय. देणगीदार कंपनीला 'इम्पॅक्ट' दाखवायचा आहे. मी एमएसडब्ल्यू, दहावीला गणितात काठावर पास. तिथे नेमकं काय शिकवतात? मला झेपेल का?
एक प्रकल्प समन्वयक, यवतमाळ जिल्हा

झेपेल. टक्केवारी आणि सरासरी येते ना? पुढची आकडेमोड संगणक करतो, आणि ती करणारी माणसंही मिळतात.

अशा प्रशिक्षणांचा साचा बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेने घालून दिला. २००३ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी ती सुरू केली. आज 'जे-पाल' म्हणून ती ओळखली जाते. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई माहेरच्या पाटणकर. हे सांगितलं की माझ्या वर्गात उगाचच सगळे ताठ बसतात.) बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

पहिला दिवस मी आकड्यांना हातच लावू देत नाही. प्रत्येकाने फक्त लिहायचं: तुमच्या योजनेने कोणाचं, काय, कशामुळे बदलतं? दहातले आठ जण 'सक्षमीकरण' लिहितात. मी लाल पेनाने खोडते. बाई बचत गटात आली, बरं, मग? कर्ज मिळालं. मग? शेळी घेतली. मग? शेळी मेली तर? असं दुपारच्या जेवणापर्यंत चालतं. साखळीतली कुठली कडी कच्ची आहे ते आधी कळलं पाहिजे, नाही तर शेवटी काय मोजायचं तेच ठरत नाही.

साखळीसाठी मी उदयपूरचं उदाहरण घेते. तिथल्या खेड्यांत मुलांचं लसीकरण पूर्ण होत नव्हतं. नर्स वेळेवर येत नाही म्हणून, की आईबापांना त्याची निकड वाटत नाही म्हणून? काही गावांत ठरलेल्या दिवशी हमखास भरणारी शिबिरं घेतली. काही गावांत शिबिर, आणि वर प्रत्येक लशीला किलोभर डाळ, सगळ्या लशी झाल्या की ताटांचा संच. जिथे यातलं काहीच नव्हतं तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के, शिबिरांच्या गावांत १८, शिबिर आणि डाळ दोन्ही असलेल्या गावांत ३९. गंमत पुढे आहे. डाळ वाटूनही एका मुलामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण नर्स दिवसभर बसणारच असते. तिच्यासमोर चार मुलं आली काय किंवा वीस आली काय. हे ऐकून वर्गातला एखादा अधिकारी हमखास म्हणतो, "म्हणजे लाच द्यायची?" त्यावर एक तास जातो. जाऊ देते.

दुसरा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेची बालसखी योजना होती. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, शाळेच्या वेळात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वेगळं बसवून रोज दोन तास वाचन आणि हिशेब शिकवायची. मी विचारते, उपयोग झाला का हे कसं ओळखाल? कोणी म्हणतं, वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे गुण बघू. अहो, वर्षभरात मूल तसंही थोडं पुढे जातंच. बालसखी नसती तरी गेलं असतं. कोणी म्हणतं, बालसखीकडे बसलेली मुलं आणि वर्गातली बाकीची मुलं यांची तुलना करू. केलीत, तर बालसखीने मुलांचं वाटोळं केलं असंच दिसेल, कारण तिच्याकडे मुळात कच्चीच मुलं पाठवली होती! इथे वर्ग गप्प होतो. त्या शांततेसाठी मी हा धंदा करते असं म्हटलं तरी चालेल. मग सोडत येते. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी द्यायची ते नशिबावर सोडलं, त्यामुळे दोन्हीकडे हुशार, कच्ची, गैरहजर राहणारी, शिकवणीला जाणारी मुलं सारखीच वाटली गेली. मग उरलेला फरक बालसखीचा. गुणांच्या विखुरण्याचं एक माप असतं, प्रमाण विचलन. त्यात मोजला तर हा फरक पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ आला, आणि बराचसा तळाच्या मुलांच्या पदरात पडला.

तिसऱ्या दिवशी किती गावं आणि किती माणसं घ्यायची, चौथ्या दिवशी काय काय फिसकटतं, पाचव्या दिवशी तुमच्या स्वतःच्या योजनेचा आराखडा सगळ्यांसमोर मांडायचा. तिथे मी एकच गोष्ट लिहून आणि सही करून मागते: काय दिसलं नाही तर योजना फसली असं तुम्ही मान्य कराल? गणितात काठावर पास झालेले यात अडत नाहीत. पंधरा वर्षं संस्था चालवलेले अडतात.

मुलं काय उंदीर आहेत? निम्म्यांना द्यायचं, निम्म्यांना मुद्दाम उपाशी ठेवून बघत बसायचं. आम्ही तीस वर्षं शिकवलं, आम्हाला कधी असले खेळ सुचले नाहीत.
निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

सर, तुमचा राग मला मान्य आहे, अर्धा. पुरेसे पैसे असताना निम्म्यांना डावललं तर ते पापच. पण तीस वर्षांत सगळ्या शाळांना एकाच दिवशी मिळालेली एक तरी योजना आठवते का? पैसे चाळीस शाळांपुरते आणि शाळा ऐंशी, ही आपली रोजची गत. मग आधी कोणाला मिळतं? ज्यांची जिल्ह्याला ओळख आहे त्यांना, डांबरी रस्त्यावरच्यांना. त्यापेक्षा चिठ्ठी जास्त न्यायी आहे असं माझं मत.

शिवाय कायमचं कोणाला वगळावं लागतं असंही नाही. बालसखीच्या वेळी निम्म्या शाळांना एका इयत्तेसाठी बाई मिळाली, उरलेल्यांना दुसऱ्या इयत्तेसाठी. रिकाम्या हाताने कोणतीच शाळा बसायची नव्हती. केनियात पोटातल्या जंतांच्या गोळ्यांच्या अभ्यासात ७५ शाळांचे तीन गट केले होते: एकाला १९९८ ला सुरुवात, दुसऱ्याला १९९९ ला, तिसऱ्याला २००१ ला. गोळ्या सगळ्यांनाच मिळाल्या, फक्त रांग चिठ्ठीने लावली.

जे उपयोगी आहे हे पक्कं ठाऊक आहे, ते रोखून धरायचं नाही. उदयपुरात तुलनेच्या गावांत सरकारी लस चालूच होती. तिला कोणी हात लावला नव्हता. आणि अभ्यास सुरू करण्याआधी नैतिकता समितीची परवानगी आणि घरच्यांची संमती लागते. तुमच्या रागाचा उरलेला अर्धा भाग मलाही छळतो, पण वेगळ्या कारणाने. ज्या घराला काही मिळालेलं नाही, तिथेही आमची माणसं तास तासभर प्रश्न विचारत बसतात. ती बाई चूल सोडून उत्तरं देते, वर चहा करते. आम्ही एक वही आणि साबणाची वडी ठेवून निघतो. याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

सोडत निघाली. न आलेल्या एका गावचे सरपंच ऑफिसात ठाण मांडून बसलेत. साठ गावांत एक गाव इकडचं तिकडे केलं तर काय बिघडतं?
तालुका समन्वयक, बीड जिल्हा

बसा. तुम्हाला माझी गोष्ट सांगते. प्रशिक्षणात ती मी चौथ्या दिवशी सांगते, तोवर लोकांना माझ्याबद्दल थोडा आदर वाटू लागलेला असतो म्हणून.

मी सव्वीस वर्षांची होते, एका संस्थेत पर्यवेक्षक. मराठवाड्यातला एक तालुका, चाळीस शाळा, दुपारचे वाचनवर्ग. वीस शाळांना यंदा, वीस शाळांना पुढच्या वर्षी. नाल्यापलीकडच्या एका शाळेची चिठ्ठी 'पुढच्या वर्षी'त निघाली. तिथल्या बाईंनी मला एकदा पावसात अडकले असताना पिठलं-भाकरी खाऊ घातली होती, ओले कपडे वाळवायला स्वतःची साडी दिली होती. सोडतीनंतर त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या "बरं" म्हणाल्या. ते "बरं" मला झोपू देईना. तेवढ्यात 'यंदा'च्या यादीतल्या एका शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, आम्हाला नको ही कटकट." मी दोघांची अदलाबदल केली. वहीत नावं खोडून नीट लिहिली. सगळे खूश, मला तर पुण्य केल्यासारखं वाटलं.

वर्ष संपलं, शेवटची चाचणी झाली, आणि आकडे सांभाळणाऱ्या मुलाचा फोन आला. मूळ यादी त्याच्याकडे होती. दोन शाळा जुळत नव्हत्या.

काय बिघडलं ते बघा. तळमळीच्या बाईंची शाळा मी योजनेत आणली आणि कंटाळलेल्या गुरुजींची शाळा बाहेर काढली. म्हणजे जे टाळण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तेच मी हाताने परत घातलं. बाईंची मुलं योजना नसतानाही पुढे गेली असती. श्रेय योजनेला मिळालं असतं. कोणी मला रागावलं नाही. एवढंच सांगितलं की मोजताना दोन्ही शाळा मूळ चिठ्ठीप्रमाणेच धरल्या जातील. नाल्यापलीकडच्या शाळेत वर्षभर वर्ग भरले, तरी ती 'न मिळालेल्यां'त. ज्या शाळेत एक दिवसही वर्ग झाला नाही, ती 'मिळालेल्यां'त. हा अन्याय आहे असं मी दोन वर्षं म्हणत होते. मग स्वतः शिकवायला उभी राहिले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खऱ्या योजनेतही हेच होतं: कागदावर शंभर शाळा, प्रत्यक्षात ऐंशी. मुंबईतही दुसऱ्या वर्षी काही शाळांपर्यंत बालसखी पोचलीच नव्हती; तरी त्या शाळा मिळालेल्यांतच धरल्या. ज्या शाळेत योजना रुजली तेवढ्याच निवडून मोजल्या, तर आपण योजना न मोजता शाळांचा उत्साह मोजतो.

तेव्हा सरपंचांना चहा पाजा, पुढच्या वर्षीचं पत्र तारखेसह सही-शिक्क्याने द्या, आणि यादीला हात लावू नका. पुढच्या खेपेसाठी एक युक्ती. जी गावं काही झालं तरी घ्यावीच लागणार आहेत (पूर आलेलं, धरणात उठलेलं, आमदारांचं), ती सोडतीच्या आधी यादीतून बाहेर काढा. त्यांना योजना द्या, मोजणीत धरू नका. चिठ्ठी निघाल्यावर दया दाखवायची नाही. दाखवायची ती आधी.

आमच्याकडे सहा गावं आणि तीनशे मुलं आहेत. तीन गावांत पोषण कार्यक्रम, तीन गावांत नाही. तीनशे हा आकडा पुरेसा आहे ना?
संस्थाचालक, नाशिक जिल्हा

नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ना? म्हणजेच एका पातेल्यातली पन्नास शितं मोजली तरी माहिती जवळपास एका शिताचीच मिळते. एका गावातली मुलं एकच पाणी पितात, त्यांची एकच अंगणवाडी, एकच दुष्काळ. समजा हे साम्य ०.२ आहे (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळी मुलं अगदी सारखी). प्रत्येक गावात ५० मुलं. त्यातून एक वजा करा, ४९ ला ०.२ ने गुणा, त्यात एक मिळवा: १०.८. तीनशेला याने भागा. तुमच्या तीनशे मुलांची किंमत अठ्ठावीस मुलांइतकी उरली. तेच साठ गावांतून पाच-पाच मुलं घेतली असती, तर भाजक १.८ आला असता आणि किंमत १६७ च्या आसपास. मुलं तीनशेच, मेहनतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक, हे खरं. साठ गावं फिरायला जीप लागते.

सहा गावांत सोडत करू नका. आहार रोज शिजतो का, मुलाच्या पोटात जातो का, वजनकाटा बरोबर आहे का, एवढं नीट बघा. आणि देणगीदाराला तसं सांगा. तो नाराज होईल. होऊ दे.

एका जिल्ह्यात चाचणी यशस्वी झाली, म्हणजे माझ्या जिल्ह्यात योजना चालेलच असं समजायचं का? प्रशिक्षणात याचं सरळ उत्तर मिळालं नाही.
जिल्हा परिषदेतील अधिकारी (नाव-गाव न देण्याच्या अटीवर)

साहेब, सरळ उत्तर 'नाही' असं आहे. आपल्याच राज्यातलं बघा. संपूर्ण स्वच्छता अभियानाच्या काळात महाराष्ट्रात गावं सोडतीने निवडून एक चाचणी ठरली होती: तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, नांदेड आणि नंदुरबार. नगरमध्ये संडासांचं काम झालं आणि तिथल्या साठ गावांच्या अभ्यासात मुलांची उंची वाढलेली दिसली, प्रमाण विचलनात सुमारे ०.३. नांदेड आणि नंदुरबारमध्ये ठरलेलं काम झालंच नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात ऐंशी गावांची अशीच चाचणी झाली. तिथे संडास बांधले गेले, पण मुलांच्या तब्येतीत फरक दिसला नाही. आता 'संडासाने उंची वाढते का' याचं उत्तर काय देणार? मी विचारेन, तुमचा जिल्हा यातल्या कोणासारखा आहे? गटविकास अधिकारी टिकतात का, बांधलेल्या संडासात लाकडं भरून ठेवतात का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अशा वर्गांत तुमच्यासारखी माणसं बसवायची ती त्यासाठीच.

गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याने चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. मग ते काम कच्चं समजायचं?
वैद्यकीय विद्यार्थिनी, नागपूर

तुला 'तू' म्हणते, भाचीच्या वयाची आहेस. कच्चं मुळीच नाही. त्यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणारी गावातलीच बाई तयार केली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. सोडत नव्हती, हे खरं. पण त्यांनी दोन्हीकडचे जन्म-मृत्यू आधीपासून काटेकोर नोंदले होते, दोन्हीकडची सुरुवातीची स्थिती उघड मांडली, आणि फरक इतका मोठा होता (नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं), की दुसरं कारण शोधायला जाणाऱ्याचीच दमछाक व्हावी. फरक लहान असतो तिथे सोडतीवाचून चालत नाही. आपले बहुतेक फरक लहानच असतात.

आमच्या गटाने पहिल्यांदाच सोडत ठेवलीय. चिठ्ठी कोणाच्या हातून काढावी? पाहुणे बोलवावेत का?
बचत गट महासंघाच्या अध्यक्षा, सोलापूर जिल्हा

पाहुणे नकोत, हार-तुऱ्यांत दुपार जाते. सगळ्या गावांची माणसं मात्र समोर हवीत. चिठ्ठ्या एकाच वहीच्या कागदाच्या, एकाच मापाच्या, सारख्या घड्यांच्या. स्टीलचा खोल डबा घ्या. उथळ ताटात वरची चिठ्ठी ओळखू येते. प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचा, फळ्यावर लिहा, शेवटी फळ्याचा फोटो काढा आणि त्याखाली दोन विरोधी गावांच्या सह्या घ्या. चिठ्ठी काढायला पहिलीतली पोर बरी. फक्त तिला आधी सांगून ठेवा की काढलेली चिठ्ठी परत द्यायची असते. आमच्याकडे एकीने सातवी चिठ्ठी मुठीत गच्च धरली, आईच्या पदराआड जाऊन बसली, आणि अर्धा तास चाळीस शाळांचे मुख्याध्यापक तिची मनधरणी करत होते.